भावाचं माहेर

ईडन प्रेरी या आमच्या अमेरिकन गावात थंडी पडली की आम्ही बायका मॉलमध्ये चालायला जातो. खरेदीला नाही, चालायला. बाहेर नाक गळून पडेल अशी हवा, घरात दिवसभर हीटरची घरघर, मग जायचं तरी कुठे? दुकानं उघडायच्या आधीच मॉलची दारं उघडतात. तेव्हा म्हातारेकोतारे, गुडघ्यांचे पेशंट आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्या आत गोल गोल फिरत राहतात. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो.

रिकामटेकडी मी हौसेने नाही. इंजिनिअरिंगची डिग्री आहे, पण माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीच्या शेपटीला बांधलेला, आणि त्यावर मला काम करायची परवानगी नाही. भारतात जाऊन यावं तर परत येताना नवा शिक्का लागतो. आमच्या ओळखीची एकजण भावाच्या लग्नाला म्हणून गेली आणि त्या शिक्क्यापायी महिनोन् महिने तिकडेच अडकली. तिचं पोर इथे बापाच्या हातचा पास्ता खाऊन राहिलं. तेव्हापासून आम्ही तिकिटं बघतो आणि विंडो बंद करतो.

इबू माझ्या खालच्या मजल्यावर राहायची. मोठ्या बाईला त्यांच्याकडे ‘इबू’ म्हणतात. माझी मुलगी तिला तशी हाक मारायला लागली, मग मीही. ती इंडोनेशियाची, सुमात्रा बेटावरच्या डोंगरातल्या एका खेड्यातली. त्या खेड्याचं नाव तिच्या जिल्ह्याबाहेर कुणी ऐकलेलं नाही, असं ती अभिमानाने सांगायची. गाव भातशेतीचं. मीही भंडाऱ्याकडची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. दोघींचं इंग्रजी रोवणीपुढे तोकडं पडायचं, मग आम्ही हातांनी दाखवायचो. बुटांच्या दुकानासमोर वाकून फरशीत पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, रोवणाऱ्या दोन बायका बघून तिथला सिक्युरिटीवाला एकदा काळजीने विचारून गेला, काही हरवलंय का म्हणून.

त्याच फेऱ्यांमध्ये कधीतरी ती सहज म्हणाली, ‘‘आमच्याकडे शेत बायकांचं असतं. घरसुद्धा.’’

मी थांबलेच. तिच्या गावात जमीन आईकडून लेकीकडे जाते. नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. मुलगा बहिणीच्या शेताची राखण करतो, तिच्या पोरांचा मामा म्हणून मान मिळवतो, पण घर त्याचं नाही. मला इतका आनंद झाला, जणू मलाच कुणी शेत दिलं.

त्याला कारण होतं. बाबा गेल्यावर आमच्या सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. तेव्हापासून दर रविवारी दादाचा फोन. आधी मुलीची चौकशी, मग थंडीची, आणि मग, ‘‘ते हक्कसोडीचं तेवढं करून टाक ना बाई. तुझ्या नावामुळे इथे काहीच होऊन नाही राहिलं.’’ आमच्यात बहिणी हक्क सोडतातच. साडीचोळी घेतात आणि माहेर राखतात. वाटा मागणारीचं नाव गावात लग्नकार्यात निघतं. आई म्हणते, ‘‘जमिनीपायी माहेर तोडू नको.’’ नवरा लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणतो, ‘‘यार, साइन करून टाक ना. आपण कुठे धान लावायला जाणार आहोत?’’ सगळे बरोबरच बोलतात. हक्कसोडीसाठी शिकागोला आपल्या वकिलातीत जाऊन सही करायची होती, आणि मी टाळत होते. थंडीत गाडी निघत नाही, रस्त्यावर बर्फ आहे, हे माझं ठरलेलं कारण.

त्या हिवाळ्यात इबूची आई आजारी पडली. लेक म्हणजे एकटी इबूच, दुसरा फक्त एक भाऊ. आई गेली आणि लेक तिथे राहायला आली नाही तर घर आणि शेत मावशीच्या मुलींकडे जाणार. इकडे तिचे आणि नवऱ्याचे इथे राहायच्या परवानगीचे कागद कित्येक वर्षं अडकलेले. देश सोडला तर केस संपली, असं वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं. मुलगा हायस्कूलमध्ये.

मी शहाणपणा केला. म्हटलं, ‘‘इबू, भावाला देऊन टाका की. राहील तो घरात, कसेल, खाईल.’’

ती आधी हसली, एवढी की तिला कॉफीच्या कट्ट्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, ‘‘भाऊ? तो तर पाहुणा.’’ आणि हसता हसताच रडायला लागली.

तेव्हा कळलं, अडचण भावाचीच होती. त्याचं बायकोशी फाटलं होतं आणि तिने त्याला घराबाहेर काढलं होतं. अशा पुरुषाने जायचं कुठे? आईच्या घरी. दिवसा जेवायला तो तिथे जाई. रात्री मात्र गावच्या प्रार्थनाघरात झोपे, कारण मोठ्या झालेल्या पुरुषाने आईच्या घरात पथारी टाकणं त्यांच्याकडे लाजिरवाणं. आई आहे तोवर ताट तरी होतं. पुढे ते ताट वाढायला बहीण हवी. बहीण नाही, तर माहेर नाही. पुरुषांनाही माहेर असतं आणि ते तुटतंही, हे मी त्या कट्ट्यावर पहिल्यांदा ऐकलं. मला त्या अनोळखी माणसाची इतकी दया आली की स्वतःचीच आली.

इबूची आई फेब्रुवारीत गेली. त्या आठवड्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी इबूच्या स्वयंपाकघरात होते. पिकल्या मिशांचा, माझ्या दादाच्याच वयाचा माणूस, मागे कुलूप लावलेलं लाकडी घर. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी विचारलं, काय म्हणतोय? ती म्हणाली, ‘‘ये. ये म्हणतोय.’’

एप्रिलमध्ये ती गेली. नवरा आणि मुलगा इथेच राहिले. एअरपोर्टला मीच सोडलं. गाडीत मी म्हटलं, सुटलात एकदाच्या. ती रागावलीच. ‘‘सुटले कुठे? तिथून आता मला हलता येणार नाही. मी हलले की घराला कुलूप.’’ उतरताना तिने मुलासाठी करून ठेवलेल्या डब्यांबद्दल मला तिसऱ्यांदा सांगितलं.

आता मी मॉलमध्ये जात नाही. बाहेर हिरवळ आहे, समोरचे काका उघड्या अंगाने गवत कापतात. परवाच्या रविवारी दादाचा फोन आला. मुलीची चौकशी झाली. पऱ्हे टाकायचे आहेत, पावसाची वाट बघतोय, म्हणाला. मी मध्येच म्हटलं, ‘‘दादा, मला एकदा ये म्हण ना.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘नुसतं म्हण. ये.’’

तो हसला. ‘‘घर तुझंच आहे ना बाई, कधीही येशील. आधी ते तेवढं करून टाक. शिकागोला कधी जातेस?’’

समोरच्या काकांनी मशीन बंद केलं. कापलेल्या गवताचा वास खिडकीतून आत आला, आमच्या बांधावरच्यासारखाच.

‘‘नाही ना जाता येत,’’ मी म्हटलं. ‘‘खूप बर्फ आहे रे इथे.’’

‘‘अजून?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘अजून.’’