भंगाळे बाईंचा रिकामा गट

कोणी कितीही देखणा आलेख पडद्यावर दाखवला, तरी भंगाळे बाई मागच्या रांगेतून, बसल्या जागेवरूनच विचारायच्या, "आणि रिकाम्याचं काय झालं?" बाहेरून आलेला पाहुणा गोंधळायचा. आम्हा धुळ्याच्या फार्मसी महाविद्यालयातल्या लोकांना अर्थ ठाऊक होता. ज्या औषधाचे गुण गाताय, ते न घालता नुसतं वेष्टन दिलं तेव्हा काय घडलं, ते आधी सांगा. या प्रश्नापुढे भलेभले घाम पुसताना मी पाहिले आहेत.

बाई कोणालाच आवडत नसत. मी विभागप्रमुख, मला तर मुळीच नाही. तोंडी परीक्षेत त्या मुलींना रडवायच्या. विभागाच्या चहाला कधी यायच्या नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात आहेर दिला आणि जेवणाच्या पंगतीतच म्हणाल्या, "सर, तुमच्या तिसऱ्या आलेखाची उभी रेघ शून्यापासून सुरू होत नाही. लहान फरक मोठा दिसतो." व्याही शेजारीच बसले होते. एरवी त्यांची मराठी पुस्तकी असायची. चिडल्या की फैजपूरची बोली तोंडात यायची, आणि त्या बऱ्याचदा चिडलेल्या असत.

आमचं काम फ्लूच्या लसीवर होतं. हा विषाणू आपलं बाहेरचं रूप सतत बदलतो, म्हणून लसही बदलत राहावी लागते. पण त्याच्या अंगावरच्या प्रथिनाचा देठाकडचा भाग फारसा बदलत नाही. त्या भागाचे तुकडे अतिसूक्ष्म कणांवर बसवायचे आणि त्याचे थेंब नाकात घालायचे, म्हणजे शरीर तो भाग ओळखायला शिकेल आणि एकच लस अनेक तऱ्हांच्या फ्लूला पुरेल, अशी कल्पना होती. कोळंबीच्या टरफलांपासून निघणाऱ्या पदार्थाचे कण बाई बनवायच्या. इतके एकसारखे कण मी दुसऱ्या कोणाच्या हातचे पाहिले नाहीत.

उंदरांवरची चाचणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत व्हायची. कुप्या पोचवायला बाई स्वतः एसटीने जायच्या, बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन. एकदा मी बरोबर होतो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वर ठेवा ती." बाई म्हणाल्या, "तुमचं लेकरू ठेवता का वर?"

निकाल आले. लस दिलेले उंदीर दोन वेगवेगळ्या तऱ्हांच्या फ्लूंपुढे तगले होते. मी पेढे मागवले. बाईंनी पेढ्याला हात लावला नाही.

"रिकाम्या कणांचा गट पाहिला का, सर?"

पाहिला होता. ज्यांना नुसते कण दिले, वर काहीही न बसवता, ते उंदीरही तगले होते.

"म्हणजे?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"म्हणजे कणांनीच नाक खवळलं. गुरख्याला दगड मारून उठवलं तर तो दोन रात्री जागा राहील. चोर ओळखायला शिकला का तो?"

"हा एक गट बाजूला ठेवला तर काय बिघडतं?"

"काय सांगू राह्यले तुम्ही! नवे उंदीर घेऊ, लस देऊ, नाक शांत होईस्तोवर काही महिने थांबू. मग फ्लू देऊ. खरं काय ते दिसंन."

थांबायला कोणी तयार नव्हतं. करोनानंतर लस या शब्दाला वजन आलं होतं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत, माझ्या खोलीत येऊन बसले. "बठ्ठं चांगलं शे, मंग ह्या बाईले काय खुपस?" सगळं चांगलं आहे, तर बाईंना खुपतं काय, एवढाच त्यांचा सवाल. मी म्हणालो, कुप्यांची अदलाबदल होऊन रिकाम्या गटालाही लसच गेली असेल, बाई एसटीने नेतात. वाक्य सहज तोंडातून गेलं. आबांचा चेहरा खुलला.

चाचणीनंतर प्रत्येक कुपीत उरलेला थोडा नमुना पुण्याहून परत यायचा, तो आम्ही राखून ठेवत असू. रविवारी शिपायाकडून किल्ली घेऊन मी एकटाच विभागात गेलो आणि ते तपासले. रिकाम्या गटाच्या कुप्यांत नुसते कणच होते. सोमवारी बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं की कुप्या बदलल्या गेल्या, म्हणून तो गट आपण धरणार नाही.

बाई उभ्या राहिल्या. "सर, राखलेले नमुने तपासले का?"

"गरज वाटली नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्या बसल्या. कोणीतरी हसलं. महिनाअखेरीस त्यांनी राजीनामा दिला. शोधनिबंध त्यांच्या नावाशिवाय छापून आला, माझा सत्कार झाला. पुढे जळगावच्या एका महाविद्यालयातून मला त्यांच्याविषयी विचारणा झाली. मी म्हणालो, "हुशार आहेत, पण कुप्या सांभाळता येत नाहीत." एवढं पुरलं. त्यांना पुन्हा प्रयोगशाळा मिळाली नाही.

आमच्या निबंधावर विसंबून इतरांनी काम केलं, तेव्हा त्यांच्या उंदरांचं संरक्षण लवकरच ओसरू लागलं. मी निवृत्त झालो होतो. झोप उडाली म्हणून फैजपूरला, बाईंच्या गावी गेलो. त्यांच्या भावाच्या केळी पिकवायच्या शीतगृहात बाई स्वेटर घालून उभ्या होत्या, तपमान पाहत.

"सर? केळी पाहिजेत का?"

मी म्हणालो, निबंध मागे घेतो आहे. माझे डोळे भरून आले होते.

"रडणं मले नका दाखवू. कुप्या बदलल्या नव्हत्या, एवढं छापा. बाकी तुमचं तुम्ही पाहा." आणि त्या आत गेल्या. दार त्यांनी लावून घेतलं, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून की माझ्यासाठी, सांगता येत नाही.

निबंध मागे घेतला गेला. खुलाशात मी लिहिलं की नजरचुकीने एक गट वगळला गेला आणि कुप्यांविषयीचा संशय निराधार होता. नंतर त्यांचा फोन आला.

"नजरचुकीनं? रविवारी कुलूप उघडून नमुने तपासले ना तुम्ही? शिपायानं मले तव्हाच सांगितलं होतं."

मी विचारलं, "मग बैठकीत का बोलला नाहीत?"

"बोलली ना. दोनदा विचारलं तुमाले."

फोन बंद झाला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. मी माफी मागितलेली नाही. त्या देणारही नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या मला आजही आवडत नाहीत. पण धुळ्यात, जळगावात अजून कुणी त्यांना कुप्या बदलणारी बाई म्हणत असेल, तर त्याने हे वाचावं. डॉ. भंगाळे यांनी नेलेली प्रत्येक कुपी बरोबर होती. मी ती स्वतः तपासली होती, आणि तपासल्यावर खोटं बोललो.