समासातलं प्रश्नचिन्ह

ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या कटकारस्थानांची माझ्याइतकी माहिती घाटकोपरात कुणालाच नसेल, असं मला मनापासून वाटायचं. दिवसा अंधेरीच्या एका ऑफिसात कारकुनी आणि संध्याकाळी इंग्रजी थरारकथांची मराठी रूपांतरं, मुलुंडच्या एका रहस्यकथा मासिकासाठी. वाचकांना सर्वांत आवडायच्या त्या तिकडच्या बड्या शाळांच्या गोष्टी. एकाच वसतिगृहात वाढलेली मुलं पुढे मंत्री, न्यायाधीश, बिशप होतात आणि शाळेतल्या एका जुन्या मृत्यूचं गुपित मिळून दडवतात. मी तसली शाळा पाहिली नव्हती, चर्चमध्येही कधी पाऊल टाकलं नव्हतं. तरी लिहिताना हात अडखळत नसे.

मासिकाची प्रुफं मरोळचे एक अंकल तपासत. पन्नाशी उलटलेले, मुंबईच्या मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातले, घरात मराठीच बोलणारे. दर रविवारी चर्चमध्ये गायचे. शंका आली तर स्वतः काही खोडत नसत. समासात पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह काढून प्रूफ लेखकाकडे पाठवत. एकदा मी फादरपुढे गुडघे टेकलेल्या माणसाला 'कबुलीजबाब' द्यायला लावला होता. अंकल हसत सुटले.

"कबुलीजबाब पोलीस ठाण्यात देतात रे. चर्चमध्ये पापनिवेदन."

"फरक काय?"

"एक पकडल्यावर देतात. दुसरं आपल्या पायांनी जाऊन."

तो शब्द मी बदलला. पण त्याच कथेत पहिल्यांदाच भेटलेल्या 'पब्लिक स्कूल' या शब्दाचं मी 'महापालिकेची शाळा' केलं होतं. पब्लिक म्हणजे जनता, जनतेची शाळा म्हणजे महापालिकेची. यात शंका कसली? अंकलनी तिथेही प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी लिहिलं, 'तिकडे ही श्रीमंतांची शाळा असते. पाहावे.' मी पाहिलं नाही. खाली लाल शाईने 'आहे तसेच ठेवा' असं लिहून सही ठोकली.

अंक निघाला आणि पत्रं येऊ लागली. महापालिका शाळेतल्या एका शिक्षकाने लिहिलं होतं, 'लंडनच्या महापालिका शाळेतली पोरं अख्खं मंत्रिमंडळ चालवतात, मग आमच्या शाळेनेच काय घोडं मारलंय?'

मासिकाच्या मालकांनी ते पत्र माझ्यापुढे आपटलं. "कुणाचं डोकं हे? मासिकाची पार वाट लावली!"

मी क्षणभरही थांबलो नाही. "मी बरोबर लिहिलं होतं. तपासताना बदललं असणार."

अंकलचं काम बंद झालं. 'मी विचारलं होतं,' एवढंच ते मालकांना म्हणाले म्हणे. त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता. अंक निघाल्यावर हस्तलिखित आणि प्रुफं लेखकाला परत मिळत. तो कागद माझ्या कपाटात होता.

माझ्या गोष्टींतल्या कटांना बिशप लागत, मंत्री लागत. या कटाला मी एकटा पुरलो.

दीड महिना मी गप्प राहिलो आणि आणखी एक कथा लिहून दिली, हेही सांगायला हवं. नवीन माणसाने तपासलेलं तिचं प्रूफ आलं. समास कोरा होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या रविवारी जुनं प्रूफ घेऊन मी मरोळला गेलो.

अंकल नुकतेच चर्चहून आले होते. मी व्हरांड्यात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. वाचता वाचता हात सवयीने खिशातली पेन्सिल शोधू लागला.

"हा कबुलीजबाब की पापनिवेदन?"

"आपल्या पायांनी आलोय, अंकल."

"मग चुकीच्या दारात आलास बाबा. मला तर ठाऊकच होतं. ज्याला ठाऊक नाही त्याला जाऊन सांग."

सोमवारी ऑफिस बुडवून मुलुंड गाठलं. मालकांनी माझी लाल सही दोनदा वाचली.

"उद्यापासून तुझं काम बंद," ते म्हणाले. "आणि जाताना मरोळला निरोप दे. पुढच्या अंकाची प्रुफं तयार आहेत म्हणावं, घेऊन जा."

निरोप कशाला, प्रुफंच द्या, मी म्हणालो. ती बगलेत मारून त्याच दुपारी मी पुन्हा त्या व्हरांड्यात उभा राहिलो.