आवाज कुठे तुटतो ते शोधणाऱ्या नसीमबाई

नसीमबाई शेख यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. चंद्रपूरच्या बाहेर शेतांच्या मधोमध आमच्या रेडिओ केंद्राचा ट्रान्समीटर होता. तिथे तंत्रज्ञ म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. स्टुडिओ गावात होता, त्यामुळे निवेदक मंडळी इकडे सहसा फिरकत नसत. बाई मात्र लुना दामटत आल्या, उन्हातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी चामोर्शीचे ना? तिथी आपला आवाज कसा येते?"

"बरा येतो," मी म्हटलं.

"बरा म्हंजे कसा? कुठी तुटते?"

मी कधी तसं लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. सरकारी नोकरीत कोणी असं विचारत नाही, आणि विचारलं तरी उत्तराची वाट पाहत नाही. बाई वाट पाहत होत्या. शेवटी "रविवारी गावाला जातो तेव्हा ऐकून सांगतो" असं कबूल केल्यावरच त्या गेल्या. बाईंच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात अनेकांनी त्यांच्या गोड आवाजाबद्दल लिहिलं असेल. मला त्यांच्या अस्वस्थपणाबद्दल लिहायचं आहे, कारण मी तो पंधराएक वर्षं सोसला आहे.

बाई चंद्रपूरच्या जुन्या वस्तीतल्या. वडील भांड्यांना कल्हई करायचे. भात्याच्या फुसफुशीतही ऐकू जावा म्हणून दुकानातला रेडिओ मोठ्याने लावलेला असे, आणि बाई त्या रेडिओखाली वाढल्या. माईकसमोर बसल्या की त्यांची भाषा धुतल्या तांदळासारखी. बाहेर आल्या की लगेच "काऊन गा, कुठी चालला?" कोणी याबद्दल चेष्टा केली तर म्हणत, "दोन्ही माह्याच हायेत, तुमाले काऊन त्रास?"

त्यांचा कार्यक्रम संध्याकाळी पाच ते सहा. नाव होतं 'जुनं ते जवळचं'. त्यात जुनी हिंदी-मराठी गाणी असत, आणि प्रत्येक गाण्याआधी फर्माईश करणाऱ्याचं नाव, गाव आणि तालुका पूर्ण वाचलेला असे. माजरीच्या कोळसा खाणीवर कामाला गेलेला माणूस चामोर्शीकडच्या आपल्या घरच्यांसाठी गाणं मागायचा. बाई दोन्ही गावांची नावं अशी घेत की ती शेजारशेजारचीच वाटावीत. नावं वाचण्यात वेळ जातो, गाणी कमी होतात, अशी तक्रार वरून आली होती. त्यावर बाईंनी नावं कमी केली नाहीत, स्वतःचं बोलणं कमी केलं.

रविवार त्यांच्या सुट्टीचा. त्या दिवशी बाई मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन एसटीत बसत आणि जिथपर्यंत आपलं केंद्र लागेल तिथपर्यंत जात. कधी मूलकडे, कधी आष्टीकडे, कधी आलापल्लीच्या रस्त्याने. आवाज पातळ झाला की कंडक्टरला गाव विचारायचं, पूर्ण तुटला की उतरायचं आणि परतीची गाडी धरायची. कंडक्टर त्यांना 'रेडिओबाई' म्हणत. सोमवारी सकाळी त्या ट्रान्समीटरवर हजर. "काल आष्टीच्या पुढं नुसती खरखर होती, काऊन?" हवामान, अंतर, आमच्या यंत्राची ताकद, सगळं मी समजावून सांगायचो. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच रस्त्याने जायच्या. माझ्या विज्ञानावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. त्यांना फक्त ते पटत नव्हतं.

एका उन्हाळ्यात रेकॉर्डच्या खोलीतला कूलर अधिकाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत गेला. चंद्रपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. तबकड्या वाकल्या, सुई त्यांच्यावरून होडीसारखी डुलायला लागली. बाईंनी फोटो फ्रेमवाल्याकडून जाड काचा आणल्या. दोन काचांमध्ये एकेक तबकडी ठेवून घटकाभर उन्हात धरायची, मऊ झाली की सावलीत आणून वर विटा ठेवायच्या. हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाकडे दिलं नाही. तबकडी उन्हात आणि बाई शेजारी छत्री घेऊन उभ्या, हे दृश्य पाहून आम्ही खूप हसलो. बहुतेक तबकड्या वाचल्या. कूलर मात्र परत आला नाही.

त्यांचं एक ऋण माझ्यावर आहे, ते इथे सांगितलंच पाहिजे. माझे वडील चामोर्शीला अंथरुणाला खिळून होते. एका रविवारी बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि आत येऊन आईकडे पाणी मागितलं. वडील बरेच दिवस कोणाशी बोलत नव्हते. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "ह्या रेडिओच्या बाई नोहोत का?" पाच वाजता बाईंनी ट्रान्झिस्टर उशाशी ठेवला. रविवारचा कार्यक्रम त्या आदल्या दिवशीच ध्वनिमुद्रित करून ठेवत. तो पूर्ण तास त्या वडिलांजवळ बसून राहिल्या. रेडिओतून एक नसीमबाई बोलत होत्या आणि खाटेजवळ दुसऱ्या गप्प बसल्या होत्या. त्यांना तासभर एका जागी बसलेलं मी तेवढंच पाहिलं. वडील पुढे फार दिवस राहिले नाहीत, पण तो तास त्यांना मिळाला. मी हे विसरणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर वरच्या कार्यालयाने ठरवलं की हा तास बंद करायचा आणि त्या वेळात मोठ्या केंद्राचा कार्यक्रम जोडून घ्यायचा. कारण काय, तर फर्माईशीची पत्रं घटली होती. पत्रं घटली म्हणजे ऐकणारे घटले, असा साधा हिशेब. बाई म्हणाल्या, "जंगलातला माणूस पत्र कुठून लिहीन? त्याले लिहिता येत असतं तर तो आपल्यालेच नोकरी मागता." हे वाक्य त्यांनी वरच्या कार्यालयातल्या साहेबांपुढे शुद्ध मराठीत सांगितलं आणि एकच मागणी केली. निर्णय घेण्याआधी साहेबांनी एकदा चामोर्शीच्या बाजाराला यावं. साहेब सभ्य होते. येतो म्हणाले.

बाईंनी आठवडाभर कार्यक्रमात सांगितलं की येत्या बाजाराला आपापले रेडिओ घेऊन या, वरून साहेब येणार आहेत, त्यांना तुमचे रेडिओ पाहायचे आहेत. पाच वाजता सगळा बाजार एका सुरात गाईल आणि साहेब ऐकतील, असा त्यांचा बेत. मलाही तो फार आवडला होता. त्या दिवशीचा कार्यक्रमही बाईंनी आदल्या दिवशीच ध्वनिमुद्रित करून ठेवला.

धान निघून गेलेलं, थंडीची सुरुवात, बाजार गच्च भरलेला. साहेब जीपमधून उतरले. बाई पुढे, मी मागे. आणि अख्ख्या बाजारात एकही रेडिओ दिसेना. ज्यांची नावं बाईंनी शेकडो वेळा वाचली होती ते लोक समोर भाजी विकत बसले होते आणि आमच्याकडे बघतही नव्हते. वांगी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला बाईंनी विचारलं, "काका, रेडिओ नाई आणला का?"

"कोणता रेडिओ? आपल्याकडी रेडिओच नाई."

हे काका महिन्याआड गाणं मागत. बाईंचा चेहरा उतरला. साहेबांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा जीपकडे पाहिलं. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पाच वाजले. तेवढ्यात काकांच्या वांग्यांच्या ढिगातून बारीक आवाजात सनई सुरू झाली, आमच्या कार्यक्रमाची. काका एकदम मोठ्याने ओरडू लागले, "वांगे घ्या, वांगे!" पलीकडे तांदळाच्या पोत्यामागे तेच सूर. मिरचीवालीच्या टोपलीखाली, चपलांच्या दुकानातल्या गादीखाली, सगळीकडे दबका आवाज. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूर्वी रेडिओला लायसन लागायचं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी इकडे कोणी पोहोचवली नव्हती. वरून साहेब येतात आणि रेडिओ पाहायचे म्हणतात, याचा अर्थ या लोकांनी एकच काढला होता. रेडिओ जप्त होणार. तरीही गाणं चुकवायला कोणी तयार नव्हतं, म्हणून रेडिओ आणले होते आणि लपवले होते.

मी हे साहेबांच्या कानात सांगणार तोच सगळे रेडिओ एकदम खरखरले. तिकडे ट्रान्समीटरवर वीज गेली असणार. मला आमची ती खोली डोळ्यांसमोर दिसत होती. सहकारी आता जनरेटरच्या शेडकडे धावला असेल, हँडल मारत असेल, आणि तो खट्याळ जनरेटर पहिल्या दमात कधीच सुरू होत नसे. मी चामोर्शीच्या बाजारात उभा राहून हाताच्या मुठी वळण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो.

आणि तेवढ्यात बाजार स्वतःला विसरला. वांग्यांतून रेडिओ बाहेर आला, काकांनी त्याला थापट्या मारल्या. मिरचीवालीने टोपली उलटली. कोणी रेडिओ कानाला लावतो, कोणी तोंड फिरवून धरतो, कोणी सेल काढून पुन्हा घालतो. "तुह्या येते का गा?" "नाई ना. तुह्याई बंद?" तराजू तसेच लटकत राहिले. जिकडे पाहावं तिकडे रेडिओ, कातडी पिशवीतले, दोरीने बांधलेले, बिनझाकणाचे. साहेब मध्ये उभे राहून सावकाश चारी बाजूंना फिरून पाहत होते.

जनरेटर सुरू झाला असावा. गाणं मधूनच परत आलं. तेव्हा कुठे लोकांना साहेब दिसले. सगळे थिजले. मग ते वांगीवाले काका उठले आणि रेडिओ दोन्ही हातांत घेऊन साहेबांपुढे आले. "साहेब, लायसन नाई आपल्याजवळ. गाणं होऊ द्या, मंग घेऊन जा."

साहेब बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, यांना सांगा, मी रेडिओ न्यायला आलेलो नाही." बाईंनी सांगितलं. लोकांचा विश्वास साहेबांची जीप निघून गेल्यावरच बसला. बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि माझ्याही, हे मी लपवत नाही.

तास वाचला. परतीच्या एसटीत मी आनंदात होतो. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. म्हणाल्या, "सूरजागडच्या तिकडले कोणीच आले नाईत. आवाज जात नसन का तिकडी?" मी कपाळावर हात मारला. पुढची कितीतरी वर्षं जास्त ताकदीच्या ट्रान्समीटरसाठी बाई अर्ज करत राहिल्या. तो आला नाही.

नंतर एफएम आलं. शहरात आवाज काचेसारखा स्वच्छ झाला, आणि आमचा आवाज लांबच्या गावांपर्यंत नेणारी जुनी मध्यम लहर बंद करण्यात आली. एफएम सरळ रेषेत जातं, डोंगर आडवा आला की थांबतं. शहर सोडलं की थोड्याच वेळात ते संपतं. बाईंनी या वेळीही बाजाराला चला म्हटलं, पण या वेळी यायला कोणी साहेब नव्हते. तबकड्या खोक्यांत गेल्या आणि पाठोपाठ बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात कोणीतरी म्हणालं की बाईंनी आता आराम करावा. त्या फक्त हसल्या.

रविवारची एसटी त्यांनी सोडलेली नाही. मागच्या महिन्यात त्या चामोर्शीच्या बाजारातून थेट माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. घोटकडच्या कुठल्याशा गावाहून आलेली एक म्हातारी त्यांना बाजारात भेटली होती. बाई भाजीचा भाव विचारत होत्या, तेवढ्यावरून तिने आवाज ओळखला. हात धरला आणि म्हणाली, "बाई, लय दिवस झाले, रेडिओ मुका हाये. तुमची तब्येत बरी नाई म्हणे. आमी रोज पाच वाजता लावून पाह्यतो. आता बऱ्या झाल्या ना तुमी?"

"मी काय सांगू तिले, गजाननभाऊ?" बाईंनी मला विचारलं. मी आजही सांगू शकलेलो नाही.

नसीमबाई, एकसष्टीच्या दिवशी दीर्घायुष्य चिंतण्याची रीत आहे. पण आम्हा मंडळींच्या आधीच कितीतरी घरांत ते रोज पाच वाजता, खरखर ऐकत, चिंतलं जात आहे. तुम्ही आजारी आहात एवढंच त्या लोकांना ठाऊक आहे, आणि बऱ्या झालात की बोलाल अशी त्यांची खात्री आहे. म्हणून तुम्हाला आराम मिळो असं मी म्हणणार नाही. तुम्ही खणखणीत बऱ्या राहा, पुष्कळ जगा, आणि त्या म्हातारीला काय सांगायचं ते सापडेपर्यंत आम्हा कोणालाही स्वस्थ बसू देऊ नका.