अभिषिक्त उमेदवार

११ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी वीज आली तशी मी हातातलं सगळं टाकून उपासनेच्या मेजावरचा पांढरा कपडा इस्त्रीला घेतला. गाझियाबादच्या आमच्या नव्या वसाहतीत फ्लॅट आधी आले होते. वीज आणि पाणी मागून येणार, असं बिल्डरने सांगितलं होतं.

पुण्या-मुंबईहून, नगर-नाशिकहून नोकरीमागे इकडे आलेली आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं दर रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचो. पाळक महिन्यातून एकदा दिल्लीहून यायचे. एरवी आमच्यापैकीच कोणीतरी उपासना चालवायचं. उद्या प्रार्थनेची पाळी माझी होती.

कपड्याची एक बाजू झाली आणि मंडळीचे सेक्रेटरी आले. पन्नाशीचे, धावपळे, मंडळीसाठी खरोखर झिजणारे गृहस्थ.

"वहिनी, उद्याच्या प्रार्थनेत एक वाक्य घालायचंय."

"कोणी आजारी आहे?"

"आजारी नाही. उभा आहे."

महापालिकेची निवडणूक लागली होती. आमच्या वॉर्डातून एक बिल्डर अपक्ष उभा होता, आमच्या वसाहतीचा नव्हे, दुसराच. तो हिंदी बोलणारा, पण ख्रिस्ती. शाळेने आम्हाला महिनाअखेर हॉल सोडायला सांगितलं होतं, आणि या माणसाने वसाहतीच्या पार्कमागचा जमिनीचा एक तुकडा देवळासाठी, म्हणजे आमच्या चर्चसाठी, देतो म्हणून शब्द दिला होता. उद्या तो उपासनेला येणार होता.

"वाक्य काय?"

सेक्रेटरींनी ते पाठच केलं होतं. "प्रभो, या देशासाठी तू निवडलेला, तुझा अभिषिक्त, आणि पुढे त्यांचं नाव, याला विजय दे."

मी इस्त्री उभी केली. "भाऊ, ख्रिस्त या शब्दाचा अर्थ काय?"

"अभिषिक्त."

"मग?"

"अहो, दावीद राजाही अभिषिक्तच होता की."

"शौलही होता," मी म्हटलं. शौल दावीदाच्या आधीचा राजा. सत्ता डोक्यात जाऊन त्याचं पुढे काय झालं, हे आमच्या रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

माझी मुलगी अभ्यासातून डोकं वर काढून म्हणाली, "आई, अभिषिक्त म्हणजे? अभिषेकवाला?"

"डोक्यावर तेल ओतून राजा केलेला."

"यार, राजा आहे तर वॉर्डातून कशाला उभा आहे?"

सेक्रेटरी हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "वहिनी, माझ्या धाकट्याला वर्गात विचारलं, तुम्हारा असली देश कौन सा है? घरी येऊन त्याने मला विचारलं. मी काय सांगू? आपला माणूस एकदा तिथे बसला, देशाचं नाव घेऊन बोलायला लागला, की कोणी बोट दाखवणार नाही."

तो प्रश्न मलाही ओळखीचा होता. नोएडातल्या ज्या कंपनीत मी हिशेब पाहायचे, तिथे दर नाताळात कोणीतरी केक खाता खाता विचारायचंच, "वैसे आप लोग कन्वर्ट कब हुए?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

त्यांनी आवाज खाली आणला आणि गॅलरीकडे पाहिलं. "तर बाबा रविवारी कुठे जातील, एवढं बघा."

गॅलरीत माझे सासरे बसले होते. गुडघे गेलेले. दिल्लीची बस त्यांना चढता यायची नाही, आणि हिंदी उपासनेत त्यांचं मन लागायचं नाही. रिक्षाने शाळेच्या हॉलपर्यंत जाणं, हेच त्यांचं आठवड्यातलं एकमेव बाहेर पडणं. सेक्रेटरींनी धमकी दिली नव्हती. खरं तेच सांगितलं होतं, म्हणूनच मला तिथून हलता येईना.

नवरा कंपनीच्या कामाने इंदूरला होता. फोनवर म्हणाला, "तू बघ काय ते." मी बघत होतेच.

संध्याकाळी चहा देताना बाबा म्हणाले, "म्हणून टाक गं. एका वाक्याने काय होतंय? लहानपणी नाशिकच्या देवळात आम्ही दर रविवारी इंग्लंडच्या बादशहासाठी मागायचो. नाव घेऊन."

"आणि सोमवारी शाळेत पोरं काय म्हणायची?"

बाबांनी चहा बशीत ओतला. "साहेबाचे पोपट."

"मग?"

"मग काय. स्वातंत्र्य आलं. प्रार्थनेच्या पुस्तकात बादशहाच्या नावावर कागदाची पट्टी डकवली. माझ्या वडिलांनीच खळ शिजवली होती." त्यांनी बशी तोंडाला लावली. "पोरं तरी पोपटच म्हणायची."

वाक्य म्हण, असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. पण रविवारी नेहमीपेक्षा लवकर तयार होऊन, कोट घालून दाराशी बसले. आता वाक्य म्हणणार नाही, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार मी?

हॉलमध्ये उमेदवार पहिल्या रांगेत होता. पांढरा कुर्ता, गळ्यात ठसठशीत वधस्तंभ, छातीवर तिरंग्याचा बिल्ला. सेक्रेटरींनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी इस्त्री केलेल्या कपड्यावर दोन्ही हात टेकून तो म्हणाला, "देश भी प्रभु का, वार्ड भी प्रभु का। जो मसीही भाई मेरे साथ नहीं, वो न देश का, न प्रभु का!"

आमच्या उपासनेत टाळ्या वाजत नाहीत. त्या दिवशी वाजल्या.

मग माझी पाळी. मी उभी राहिले. आजाऱ्यांसाठी मागितलं. दिल्लीत मुनिरकाला खोल्या घेऊन परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या पोरांसाठी मागितलं. पाण्यासाठी मागितलं. सेक्रेटरींनी खाकरून आठवण केली. मी म्हटलं, "या निवडणुकीत जे निवडून येतील त्यांना शहाणपण दे, आणि जे पडतील त्यांना शांत झोप दे." मग आमेन म्हणून खाली बसले.

सेक्रेटरी डोळे न उघडताच उठले आणि राहिलेलं वाक्य त्यांनी हिंदीत म्हटलं. अभिषिक्त, नाव, विजय, सगळं. सगळा हॉल म्हणाला, "आमेन." मी ओठ घट्ट मिटून बसले होते. शेजारून बाबांचा आमेन आला, नेहमीसारखा, सगळ्यांत मोठा. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं.

"तोंडाला सवय," ते पुटपुटले.

परत आलो तर आमच्या बिल्डिंगच्या फाटकावर पोस्टर. हात जोडलेला उमेदवार, मागे वधस्तंभ, त्यामागे तिरंगा, आणि खाली जाड अक्षरात, 'समस्त मराठी मसीही समाज के अभिषिक्त उम्मीदवार'. खळ अजून ओली होती. पण छपाई काही त्या दुपारची नव्हती. प्रेसमधून पोस्टर काढायला किती वेळ लागतो, हे मला ऑफिसच्या कामामुळे माहीत होतं. म्हणजे सेक्रेटरी माझ्याकडे आले, त्याच्या आधीच छापखान्यात आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलेलं होतं.

रिक्षात बसूनच बाबांनी चष्मा नाकावर सरकवला. "नाव कोणाचं घातलंय?"

"आपलं."

खालच्या मजल्यावरचे शेजारी फाटकाशी पोस्टर वाचत उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, भले गृहस्थ. पाणी नसेल त्या दिवशी स्वतःच्या टाकीतून बादल्या भरून द्यायचे. बिल्डरशी भांडायला जायचं तर जिन्यातून हाक मारायचे, "चलिए भाभीजी, हम लोगों को ही जाना पड़ेगा।" त्या 'हम लोग'मध्ये मी असायचे.

"भाभीजी, आप लोगों ने तो तय कर लिया," ते म्हणाले. रागाने नाही. "अच्छा किया, साफ़ बता दिया। अब हम लोग भी बैठ के तय कर लेते हैं।"

"भाईसाहब, हे आम्हाला विचारून छापलेलं नाही," असं मी हिंदीत सांगायला गेले. पण तासाभरापूर्वी मी त्याच हॉलमध्ये होते, आणि माझे सासरे आमेन म्हणाले होते. मी बाबांना हात देऊन रिक्षातून उतरवलं.

रात्री बाबा जेवले नाहीत. "आता त्या जागेवर देऊळ बांधलं तरी तिथे आमेन म्हणवणार नाही माझ्याने," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी डबे करायच्या आधी मी पातेलंभर पाणी तापवलं, बादलीत ओतलं, उलथणं घेतलं आणि फाटकाशी गेले. गरम पाण्याने पोस्टरवरचा चेहरा लगेच सुटला. खालची ओळ निघेना, तिथे खळ जाड लावली होती.

शेजारी दुधाची पिशवी घेऊन आले. "अरे भाभीजी, अपने ही आदमी का?"

"आदमी आपका भी उतना ही है, भाईसाहब. वॉर्ड एकच आहे," मी मराठी-हिंदी मिसळून म्हटलं आणि खरवडत राहिले. ते पिशवी सावरत आत गेले. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

वरून, गॅलरीतून बाबांनी विचारलं, "आणि येत्या रविवारी?"

"आपल्या घरात. सोफा गॅलरीत टाकू. मावतील ते येतील."

"सेक्रेटरी?"

"आले तर त्यांनाही बसायला जागा आहे."

बादलीत पाणी अजून कोमट होतं. मागच्या फाटकावरही एक पोस्टर होतं. मी बादली उचलून तिकडे गेले.