भुशीच्या चढावरचा माझा बाक

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी मी भुशी धरणाच्या चढावर माझ्याच बाकाशेजारी उभी होते... आणि खरं सांगते, स्वतःवर भलतीच खूश होते.

मी इंडस्ट्रियल डिझायनर, तळेगावची. आमच्या आईच्या भाषेत "खुर्च्या-टेबलांची चित्रं काढते." या वेळी काम जरा मोठं होतं. चढाच्या रस्त्याला आठ बाक, टाकाऊ प्लॅस्टिकपासून केलेल्या फळ्यांचे, पावसात न कुजणारे. कणसं, शेंगा, करवंदं डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायकांना वाटेत टेकता यावं, हा उद्देश.

पहिला बाक नमुना म्हणून बसवला होता, बाकीचे सात गुरुवारी बसणार होते. पायाचं काँक्रीट एकदा ओतलं की विषय संपतो... मग चूक असली तरी ती वर्षानुवर्षं तिथेच.

तासभर मी नुसती बघत होते. पर्यटक बसले, फोटो काढले. एका आजोबांनी तर पाठ टेकून मस्त डुलकी काढली. बाकाच्या पाठीचा कोन मी तीनदा बदलला होता, त्याचं चीज झालं म्हणायचं.

पण पाटीवाली एकही बाई बसेना. माना ताठ, नजर समोर, सरळ वर. मला वाटलं, लाजत असतील. बाक माझा आणि अंदाजही माझेच!

शेवटी एक मावशी धापा टाकत बाकापाशी थांबल्या. साठीच्या असतील, अंगाने काटक. डोक्यावर कणसांनी भरलेली पाटी आणि वर शेगडी. थांबल्या, पण बसेनात. म्हटलं, "मावशी, बसा ना. तुमच्यासाठीच केलाय."

"बसते की. आदी पाटी उतरव."

मी पाटीला हात घातला आणि माझी कंबर कुरकुरली. दोघींनी मिळून ती कशीबशी खाली ठेवली. मावशी बसल्या, पदराने घाम पुसला आणि हसायलाच लागल्या. "आता परत डोक्यावं कोन दील? तू रोज हितं असनार हाईस व्हय?"

 सहा महिने मी या बाकावर घालवले होते. बसायची उंची मोजली, पाठ मोजली, फळ्यांमधलं अंतर मोजलं. पण पाटीवाली बाई आधी बसत नाही, आधी ओझं उतरवते... आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर एकटीला ते धड उतरवता येत नाही, परत उचलता तर मुळीच येत नाही. एवढी साधी गोष्ट मी कुणाला विचारलीच नव्हती.

या हौसामावशी, कुसगावच्या. गेल्या वर्षी एकटीने पाटी उतरवायला गेल्या आणि मान लचकली. आठ दिवस घरी पडून, धंदा बंद. तेव्हापासून चढावर पाटी कुठेही उतरवत नाहीत. "फकस्त तितं," म्हणून त्यांनी वर बोट दाखवलं.

वळणावर एक जुनी, अर्धी पडलेली दगडी भिंत होती, खांद्याएवढी उंच. पाटी परत त्यांच्या डोक्यावर देऊन मी मागोमाग गेले. मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, गुडघ्यात जरा वाकल्या आणि पाटी अलगद पुढे सरकवली. झालं! कुणाची मदत नको नि काही नको. मग खालच्या दगडावर निवांत बसल्या. पाट्या सरकून सरकून भिंतीचा माथा गुळगुळीत झाला होता.

आता खरी गंमत ऐका. ही भिंत माझ्या ड्रॉइंगमध्ये होती, लाल रंगात. "पडकी भिंत, काढून टाकणे." तिच्या जागी माझा चौथा बाक येणार होता...

 तिथूनच काँट्रॅक्टरना फोन लावला, भिंतीला हात लावू नका, गुरुवारचं काम थांबवा. ते वैतागले. "मॅडम, ड्रॉइंग तुमचं, सही तुमची." म्हटलं, चूकही माझीच, थांबवा. मला माझं काम येतं, म्हणूनच ते पुसून पुन्हा काढायची भीती वाटत नाही.

मग टेप काढला. भिंतीची उंची घेतली, मावशींचा खांदा मोजला, येणाऱ्या-जाणाऱ्या आणखी सहाजणींचे खांदे मोजले. "ब्लाउज शिवतीस का काय गं आमाला?" एकीने विचारलंच. चुंबळ ठेवून स्वतःच्या डोक्यावरही पाटी घेतली. पंचवीस पावलं चालले असेन... मान दोन दिवस दुखत होती.

सोमाटण्याच्या वर्कशॉपमध्ये नवा नमुना केला. बाक तोच, पण शेजारी खांद्याच्या उंचीवर एक रुंद फळी, कड गोल, पाटी सहज सरकेल अशी. भिंत जिथल्या तिथे, चौथा बाक तिच्या पायाशी.

परवा तो नमुना चढावर बसवला. हौसामावशी आल्या, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाटी सरकवली, बसल्या, पाणी प्यायल्या. तेवढ्यात मागून दुसरी आली. "सरकीव की वाईच, माजी बी ठिवू दे!" फळीवर दोन पाट्या काही मावेनात, आणि दोघींची तिथेच जुंपली. मी गुपचूप वहीत लिहिलं... फळी दुप्पट लांब.

हौसामावशी, त्या दिवशी माझं मन राखायला "छान हाय गं बाक" म्हणून तुम्ही पुढे निघून गेला असतात, तर तुमची भिंत मी माझ्याच सहीने पाडली असती. तसं केलं नाहीत... फार उपकार झाले.