करंट नसलेल्या भिंतीची ऊब

ज्या घरात दिवा आपोआप लागतो-विझतो म्हणून लोक नारळ फोडतात, त्या घरात जाऊन मी न्यूट्रलची ढिली वायर घट्ट करून येतो. धंदाच आहे तो माझा. उंब्रज, कराड, खाली सांगलीपर्यंत कन्सील्ड फिटिंगची कामं करतो – म्हणजे भिंतीच्या आतून वायरिंग. त्यामुळे "अमुक ठिकाणी काहीतरी आहे" असं कुणी म्हणालं की मी पहिलं विचारतो, "अर्थिंग आहे का?" या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी आणि माझा पार्टनर रफिक खो-खो हसलोय, खोटं कशाला बोलू. आज मीच लिहायला बसलोय. रफिक आता हसत नाही...

आमचं घर उंब्रजला, हायवेपासून आत. मागच्या बाजूला एक नवी खोली आणि तिला लागून बाथरूम बांधलं, ते माझी धाकटी बहीण वैशाली बाळंतपणाला येणार म्हणून. तिचं सासर सांगलीला. गरम पाण्याला गीझर हवाच, म्हणून बोर्डापासून बाथरूमपर्यंत जाड वायर स्वतंत्र टाकली. पण बांधताना बाथरूमचं दार सरकवलं आणि वायर हातभर कमी पडली. म्हणजे जोड आला.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – भिंतीच्या आत जोड देणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार. कितीतरी जण पिळा मारतात, टेप गुंडाळतात, वरून गिलावा करून मोकळे. गीझरसारखा लोड आला की तो पिळा तापतो, टेप वितळतो, आणि आत काय चाललंय ते बाहेर कुणाला कळत नाही. म्हणून जोड द्यायचाच असेल तर चिनी मातीचा स्क्रूवाला कनेक्टर वापरायचा, तो जंक्शन बॉक्समध्ये ठेवायचा, आणि बॉक्सचं झाकण भिंतीच्या बाहेर, कधीही उघडता येईल असं दिसत ठेवायचं. रफिकनं आणि मी तसंच केलं. वायर ओढून ओढून बघितली. जोड पक्का होता, आजही शपथेवर सांगतो.

आडवी आली ती आई. झाकण नेमकं पूर्वेच्या भिंतीला, खोलीच्या मधोमध. आमच्यात बाळाच्या पाचवीला त्याच भिंतीवर हळदीची पाच बोटं ओढून सटवाई पूजतात.

"त्ये पांढरं झाकण काढ तितनं," आई म्हणाली.

"अगं आई, ते काढता येत नाही. उद्या काही झालं तर उघडायचं कुठून?"

"मग काय सटवाईला पिलॅस्टिकवर बसवू व्हय रं?"

मी कामाला सांगलीला गेलो आणि आईनं गवंड्याला चहा पाजून झाकणावरून गिलावा मारून घेतला. आल्यावर मी एवढा तडतडलो की आजूबाजूची माणसं बाहेर आली. आई ढिम्म हलली नाही. रंग झाला, भिंत आरशासारखी गुळगुळीत, आणि मी तणतणत ते तसंच राहू दिलं. घरच्या माणसापुढं वायरमनचं काय चालतंय!

वैशालीला मुलगी झाली. कराडच्या दवाखान्यातून घरी आणली, त्या खोलीत लोखंडी कॉट त्याच भिंतीला टेकवून त्यावर दोघींना निजवलं. पाण्याचं काम तोवर चुलीवर चाललं होतं, कारण गीझर अजून यायचा होता. तो पाचवीच्या दिवशी दुपारी आला. रफिकनं आणि मी तो टांगला, बाथरूमकडची वायर जोडली. बोर्डाकडचं टोक मात्र टेप मारून तसंच बाहेर ठेवलं होतं. पूजा झाली की ते बोर्डात लावायचं आणि गीझर सुरू करायचा, एवढंच बाकी होतं. हे नीट लक्षात ठेवा. त्या लाईनमध्ये करंट नव्हता. कुठूनही नव्हता.

दिवेलागणीला आईनं पाटा-वरवंटा मांडला, ओली हळद घेतली आणि भिंतीवर बोटं ओढली. चार उमटली. मधलं उमटलं आणि बघता बघता वाळून भुकटी होऊन खाली पडलं. आईनं परत ओढलं. परत तेच.

वैशाली कॉटवरून हात लांब करून म्हणाली, "आई, भिंतीला ताप आलाय गं."

मी हसलो. "शेगडी पेटवलीय ना खोलीत, त्याची धग असेल." पण शेगडी पार पलीकडच्या कोपऱ्यात होती. हात लावला... आणि चटकन मागे घेतला. तळहाताएवढीच जागा गरम, तापलेल्या पोराच्या कपाळासारखी. तिच्या आजूबाजूची भिंत गारढोण. आणि ती जागा कुठली, हे मला बोटानं दाखवायची गरज नव्हती. आत तिथंच जंक्शन बॉक्स होता.

"रफिक, मेन पाड!"

"आरं पण त्या लायनीत हाय काय? टोक तर मोकळं हाय."

"पाड म्हणतोय ना!"

मेन पाडला. अंधारात बॅटरी धरून पुन्हा हात लावला. गरमच. रफिकनं लावला, त्याचा चेहरा उतरला. "गड्या, ह्ये बरं न्हाई," एवढंच म्हणाला. मी वैशालीला ओरडलो, "ऊठ आधी, बाळाला घे, कॉट सोड!" ती घाबरून रडायलाच लागली. आई हळदीचा हात तसाच धरून उभी.

छिन्नी लावली. गिलाव्याखाली तारेची जाळी निघाली. झाकणाच्या प्लास्टिकवर सिमेंट धरत नाही, म्हणून गवंड्यानं जाळी पसरून खिळे ठोकले होते. त्यातला एक खिळा थेट झाकणातून आत गेला होता आणि त्याचं टोक कनेक्टरच्या फेजच्या, म्हणजे करंट येतो त्या वायरीच्या, स्क्रूला टेकलं होतं.

खिळा फेजला, जाळी खिळ्याला, पलीकडे बाथरूमची ओल, अलीकडे लोखंडी कॉट. पूजा झाल्यावर मी माझ्या हातानं ते टोक बोर्डात लावलं असतं आणि करंट भिंतीतून थेट त्या कॉटमध्ये उतरला असता. आमचा बोर्ड जुना, त्यात करंट गळला की लाईन तोडणारा ईएलसीबी नव्हता, त्यामुळे "ट्रिप झालं असतं" असं कमेंटमध्ये लिहू नका. नसतं झालं. मी तिथंच फरशीवर बसलो आणि वैशालीपेक्षा मोठ्यानं मीच रडलो.

कनेक्टर हातात घेतला तर गार. खिळा गार. वायरीचं प्लास्टिक जसंच्या तसं, कुठं वितळलेलं नाही, करपल्याचा वास नाही. आणि भिंतीची ती जागा, जी मघाशी तापली होती, तीसुद्धा गार पडली होती.

मी सगळं तपासलंय. बाजूला गरम पाण्याचा पाइप नाही. ऊन त्या भिंतीवर येत नाही. दुसरी कुठली लाईन तिथून जात नाही. शाळेतल्या एका सरांना विचारलं, ते म्हणाले चुना विझताना तापतो. सर, सिमेंटचा गिलावा होता, आणि वाळून रंगसुद्धा झाला होता! रफिक म्हणतो, "तू विचार करू नगंस." आई म्हणते, "सटवाई आली हुती, आनि काय." मला यातलं एकही पटत नाही. करंट नसताना ऊब आली कुठून? आणि ती नेमकी तिथंच, नेमकी त्याच वेळी का? डोकं फुटायची पाळी येते.

दुसऱ्याच दिवशी जुनी वायर काढून अखंड एकच टाकली, बिनजोड. बॉक्स आता रिकामा आहे, आत काही म्हणजे काही नाही. बुजवून टाकणार होतो, तर आईनंच हात धरला. झाकण भिंतीवर तसंच ठेवलंय आणि सणावाराला ती त्या पिलॅस्टिकला हळद लावते.

भाची आता भिंतीला धरून चालते. आजोळी आली की त्या झाकणापाशी थांबते, त्यावर गाल टेकवते आणि खुदकन हसते. पोरं काय, कशालाही गाल लावतात. पण ती बाजूला झाली की मी हातातलं काम टाकून जातो आणि झाकणाला हात लावून बघतो.

गार असतं. दर वेळी गारच असतं... तरी जातो.