एका भागापुरती पाहुणी

रजियाभाभींचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते. "शुभाताई, नंदा गेली हो…" एवढंच बोलून त्या रडायला लागल्या. संगमनेरला नंदाच्या शिलाईच्या दुकानाला लागूनच त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. सकाळी नंदाचं शटर उघडलं नाही म्हणून त्या मागच्या दारानं आत गेल्या, तर ती खाटेवर निजलेलीच होती. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी राहुरीहून पोचेपर्यंत तिच्या भावानं प्रवरेकाठी सगळं उरकलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

नंदा माझी देवळाली प्रवऱ्यातली बालमैत्रीण. गावाला आणि घरच्यांना ती नंदकुमार म्हणून माहीत होती, शाळेच्या दाखल्यावरही तेच नाव. पण ती स्वतःला जे म्हणायची तेच मी लिहिणार, लहानपणाबद्दल लिहितानाही. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. आठवड्यातून एकदा एक विनोदी मालिका लागायची आणि अर्धी गल्ली ओसरीवर जमायची. एका भागात नायकाच्या घरी त्याचा कॉलेजातला जुना मित्र येतो, तो आता बाई होऊन. साडी, पर्स, जाडाभरडा आवाज. काम अर्थातच एका पुरुष नटानं केलेलं. तिनं तोंड उघडलं की टीव्हीतून हशा यायचा आणि त्यावर आमच्या ओसरीचा. मी तर पोट धरधरून हसले. शेजारी नंदा होती, तीही हसत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिनं विचारलं, "शुभे, ती बाई पुढच्या आठवड्याला परत यील का गं?" मी म्हटलं, "ती कशाला येतेय? एका भागापुरतीच होती ती." पुढे कितीतरी आठवडे नंदा सगळ्यांच्या आधी येऊन पुढ्यात बसायची. ती बाई काही परत आली नाही.

दहावीनंतर नंदानं घर सोडलं. पुण्यात कपड्यांच्या कारखान्यात राबली, शिवण शिकली, काय काय सोसलं ते तिनं मला कधी सलग सांगितलं नाही. पंधरा-सोळा वर्षांनी ती परतली ती साडी नेसून, आणि देवळालीत नव्हे, तर संगमनेरात. सुरुवातीला बायका दुकानात येईनात. माप कोण देणार, हा प्रश्न. रजियाभाभींनी पहिलं कापड टाकलं, ब्लाऊज घालून आठवडाभर गिऱ्हाइकांना दाखवत बसल्या, तेव्हा कुठे बाकीच्या वळल्या. लग्नसराईत तर तिला जेवायला सवड नसायची.

रविवारी दुपारी मी तिच्याकडे जायचे. दुकानामागच्या खोलीत मोबाईलवर ती जुन्या विनोदी मालिका शोधून ठेवायची, आपल्याकडच्या आणि परदेशी. आमच्या त्या मालिकेचा भाग तिला कधीच सापडला नाही, पण तसल्याच कितीतरी बायका सापडल्या. कुणाचं गुपित फुटतं आणि नवरदेव पळतो, कुणाचा जुना मित्र ओळख दाखवत नाही. इंग्रजी संवाद मी तिला मराठीतून सांगायचे. एकदा ती म्हणाली, "थांब, आवाज बंद कर जरा." पडद्यावर एक बाई दारात पर्स छातीशी धरून उभी होती, घरातली माणसं तिच्याकडे बघत होती. हशा नव्हता. "बग," नंदा म्हणाली, "हसनं काढलं का ती जोकर वाटत न्हाई. कुनी बस म्हनायची वाट बघतीय नुसती." एका परदेशी मालिकेत घरमालकीण अशाच एका पाहुणीपुढे केकची बशी सरकवते. तेवढा तुकडा नंदानं पुन्हा पुन्हा पाहिला. त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "आमच्या ओसरीवर मी लई हसले होते. तुला आठवतं?" ती काजाला टाका घालत होती. "व्हय. तू हसलीस म्हनून तर मी हसले. न्हाईतर समद्यांनी माज्याकडं बगितलं असतं."

हे कळल्यावरही मी काय केलं, ते लिहायला हवं. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज नंदानं शिवले. मुलीच्या सासरकडच्या दोघीतिघींची नंदाबद्दलची कुजबुज माझ्या कानावर आली आणि मी तिला फोन केला. "नंदे, तू हळदीला ये. लग्नाच्या दिवशी फार गर्दी असते, आपलं बोलणं होणार नाही." पलीकडे थोडा वेळ मशीन चालल्याचा आवाज… मग ती म्हणाली, "बरं. एका भागापुरती यिते." आली. हळद लावली, मुलीला आहेर दिला, जेवून गेली. त्यानंतरही रविवारी ती मला चहा करून द्यायची. मी माफी मागितली नाही. पुढच्या रविवारी मागू, असं वाटत राहिलं.

दहाव्याला मी पुन्हा संगमनेरला गेले. घाटावर गेले नाही, तिच्या खोलीत बसले. भिंतीवर आरसा, खुंटीवर दोन साड्या, कोपऱ्यात एकाच माणसाची भांडी. थोड्या वेळानं तिचा धाकटा भाऊ आला. ओला पंचा खांद्यावर, डोकं भादरलेलं. दारात अडखळला. त्यानं ही खोली पहिल्यांदाच पाहिली असावी. म्हणाला, "ताई, तास झाला, कावळा शिवंना. आमाला तर काईच ठावं न्हाई. काय आवडायचं, तुमी सांगा."

मी सांगितलं, हुलग्याच्या शेंगोळ्या. लसूण जास्त घातलेल्या, आणि भांड्याच्या तळाशी लागलेली खरवड. तो मान हलवत ऐकत राहिला. बाहेर पडला, दोन पावलं गेला आणि वळला.

"आमची आई करायची तसल्या," तो म्हणाला. "खरवडीसाठी भांडायची ती माज्याशी."

नंदाला 'ती' म्हणाला. चुकूनही असेल. तो घाटाकडे निघून गेला, आणि मी त्या खोलीत बसून राहिले.